बरहुकूम

खोली दोनशे चौदा. खिडकी एक, तीही उघडत नाही.
बाकीची तीनशे मुलं खाली मोठ्या दालनात,
तिथला खोकला तेवढा वर येतो.
इथे आम्ही दोघंच: इशबेल मॅक्फी, वय एकवीस,
आणि मी, वय अडुसष्ट,
डंडी बंदराच्या विमा कचेरीत चाळीस वर्षं
बुडालेल्या मालाच्या याद्या केलेला माणूस.
अक्षर बरं आहे. म्हणून इथे.

साहाय्य कक्षातल्या बाईंनी नियमांचा कागद दिलाय.
सांगेल तेच लिहायचं. सांगेल तसंच लिहायचं.
सुचवायचं नाही. भुवई उचलायची नाही.
उसासा टाकायचा नाही.
या शेवटच्याखाली रेघ आहे, दोनदा मारलेली.
कुणीतरी टाकला असणार.

इशबेलचा शब्द यायला वेळ लागतो.
आधी मान वळते, मग खांदा,
हात खुर्चीच्या दांड्यावर काहीतरी चाचपून परत येतो,
आणि मग शब्द,
सगळ्या अंगाचा निरोप घेऊन निघालेला.
पहिल्या पेपराला ती मला म्हणाली,
"श्वास धरून बसू नका हो.
मागच्या वर्षीचे गृहस्थ तसेच बेशुद्ध पडले."
मी खरं मानलं.
ती हसत होती हे उशिरा कळलं.

वेळ दुप्पट. सहा तास.
त्यासाठी दर सप्टेंबरात तोच फॉर्म:
अवस्थेत काही बदल?
एका वर्षी तिनं लिहवून घेतलं,
होय, आता या प्रश्नाचा कंटाळाही येतो.
फॉर्म परत आला. जागा अपुरी भरली, म्हणे.

प्रश्न तिसरा. नदीमुखातला गाळ.
ती सांगते, मी लिहितो. विरामचिन्हंसुद्धा तिचीच.
"पाण्याचा वेग मंदावला की, स्वल्पविराम,
सर्वांत बारीक कण..."

आणि थांबली.

मी थांबलो. घड्याळ थांबलं नाही.
बंद काचेपलीकडे टे नदी, ओहोटीची,
चिखलात चोची खुपसत चाललेली पाखरं.
चाळीस वर्षं कचेरीतून हेच पाणी पाहिलंय मी.
मला ठाऊक होतं.
आणि माझ्या हातानं, मला न विचारता,
लिहून टाकलं: सर्वांत शेवटी खाली बसतात.

तिनं कागदाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.
"खोडा."
इतक्या झटकन आला तो शब्द, मी दचकलो.

"चूक आहे का?" मी विचारलं. हाही नियमभंगच.
"बरोबर आहे. मी तेच म्हणणार होते.
पण म्हणणार मी होते."

एक रेघ मारली. सरळ,
विम्याच्या वहीत मारायचो तशी, खालचं वाचता येईल अशी.
कान तापले.
मॉइरा आठवली. तिची वाक्यं मीच पुरी करायचो,
एकतीस वर्षं,
आणि ती मान डोलवायची.
पटलं म्हणून की दमली म्हणून,
आता कुणाला विचारू.

मग इशबेलनं सांगितलं, अकरा मिनिटांत, वेगळंच:
बारीक कण एकेकटे बसतच नाहीत, पूर्णविराम.
खारं पाणी भेटलं की ते एकमेकांना धरतात, स्वल्पविराम,
जड होतात, स्वल्पविराम, आणि भरती उलटण्याआधी
पाणी क्षणभर थबकतं तेव्हा
तळाशी जातात.

हे मला ठाऊक नव्हतं.
भुवई उचलली गेली असेल. तिनं पाहिलं नसावं.

शेवटी सह्या. लेखनिकाची एक, विद्यार्थिनीची एक.
फुली चालेल, असं छापलेलं आहे.
तिनं पेन मागितलं.
बोटांत बसवलं, ते पडलं, मी उचललं, पुन्हा बसवलं.
पहिलं अक्षर चौकटीबाहेर गेलं,
तिसरं टेबलावर.
खालचं दालन केव्हाच रिकामं झालं होतं,
कुणीतरी खुर्च्या एकात एक रचत होतं.
मी काही सुचवलं नाही.
श्वास घेत राहिलो, नीट,
आत, बाहेर.